ठोकळ्याशिवाय खुर्ची नाही

"उजेड दिसतोय, भालदादा."

दस्तगीर मिस्त्रींनी लोखंडी पट्टी खिडकीसमोर धरली होती. पट्टीच्या मधोमध दोन इंची चौकोनी भोक, आणि त्या भोकात मी तीन दिवस घासलेला ठोकळा. ठोकळ्याच्या डाव्या अंगानं ऊन सरळ आरपार येत होतं. मला ते दिसत होतं, शेजारच्या फिटरला दिसत होतं, आणि बाहेर रस्त्यावरनं जाणाऱ्या टांगेवाल्यालाही दिसलं असणार.

"थोडासाच आहे," मी म्हटलं.

"थोडासा कुठला? ह्यातनं मांजर जाईल," मिस्त्री म्हणाले आणि त्यांनी ठोकळा भंगाराच्या घमेल्यात टाकला. तो माझा चौथा.

हे ऐकून कुणाला वाटेल, मी तिथं काम शिकायला आलेला एखादा उमेदवार असेन. छे हो! ती शेड आमची, ती पट्टी आमची, आणि कोल्हापुरात फाटकावर 'नरंदेकर आणि मंडळी' अशी जी हातभर अक्षरं होती, त्यांतला नरंदेकर मीच. एकोणीसशे सत्तर सालची गोष्ट. मी चोवीस वर्षांचा, विलायतेहून इंजिनियर होऊन आलेला, कोटाच्या खिशात पेन आणि डोक्यात नव्या पंपाची चित्रं. आणि दोन्ही तळहातांवर फोड.

हा सगळा उपद्व्याप माझ्या आजोबांचा. आप्पा नरंद्याहून कोल्हापुरात आले ते बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धावा बसवायला. कुणाचा तरी उसाचा चरक मोडला, तो त्यांनी दुरुस्त केला. मग स्वतःच चरक करायला लागले, मग पंप, मग इंजिनं. मी जन्मलो तोवर घरात तीन मोटारी होत्या. पण आप्पांनी एक नियम घालून ठेवला होता. घरातल्या कुणालाही ऑफिसात बसायचं असेल तर त्यानं आधी निव्वळ कानस हातात घेऊन एक ठोकळा करायचा. सहा अंगांचा ठोकळा, प्रत्येक अंग चारही बाजूंनी फिरवून त्या पट्टीतल्या भोकातून गेला पाहिजे. म्हणजे चोवीस तऱ्हा. आणि एकाही तऱ्हेत उजेड दिसता कामा नये. जरा कमी घासलं तर जातच नाही, जरा जास्त घासलं तर उजेड. आणि घासलेलं लोखंड परत चिकटवता येत नाही, त्याला काय करणार?

"ठोकळ्याशिवाय खुर्ची नाही," आप्पा म्हणायचे. माझ्या वडिलांनी, तात्यांनी, तो सहा आठवड्यांत केला होता. मी विलायतेत असतानाच तात्या गेले. तेव्हापासून ऑफिसातली त्यांची वेताची खुर्ची रिकामी होती. तिच्यावर कुणी बसत नव्हतं, आणि आप्पांना तर ऑफिसचं वावडंच. ते सदा शेडमध्ये.

मला त्या खुर्चीत बसायचं होतं. खोटं कशाला सांगू? लहानपणापासून मला दुसरं काही नको होतं. तात्यांच्या मांडीवर बसून मी त्याच खुर्चीतून कारखान्याचा भोंगा ऐकला होता. आप्पांनी मला गुढीपाडव्यापर्यंतची मुदत दिली होती. "पाडव्याला ठोकळा दाव आणि बस. न्हाईतर मी बाहेरनं मॅनेजर आणतो. वय झालं माझं. आता वाट बघत बसायला सवड न्हाई."

पाडव्याला सतरा दिवस उरले होते.

त्या दुपारी जेवणाची सुट्टी झाली, शेड रिकामी झाली आणि मी पाचवा ठोकळा व्हाइसच्या जबड्यात आवळला. दात-ओठ खाऊन कानस मारत होतो. कर्र कर्र कर्र असा आवाज. एवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "दादा, रागावू नका, पर तुम्ही कानस दाबताय. दाबायची नसती."

वळून बघितलं तर पॅकिंगमधला कृष्णात. पंपांची लाकडी खोकी ठोकायचं त्याचं काम. पस्तिशीचा, किरकोळ अंगाचा, तोंडात नेहमी दोन-तीन खिळे धरलेले. आत्ता ते खिळे हातात होते.

"मग काय करायची असते?" मी वैतागून म्हटलं. "घे, तूच दाखव."

त्यानं आधी दाराकडं बघितलं. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या व्हाइसला हात लावला की थेट फाटकाबाहेर, असा आमच्याकडं कडक नियम. कारण त्यापायी एकदा एकाचं बोट गेलं होतं. मग त्यानं खिळे खिशात टाकले, पाय फाकवून उभा राहिला आणि कानस नुसती पुढं सोडली. एकदा, दोनदा, तीनदा.

आता मला हात नव्हता हे खरं, पण कान होता. लोखंड माझ्या हाताखाली रडत होतं ते त्याच्या हाताखाली गप्प झालं. नुसता सूं सूं आवाज. तीन हातांत त्यानं माझं वाकडं अंग सरळ केलं आणि पटकन कानस ठेवून दिली.

"अरे, हे कुठं शिकलास तू?"

"हुपरीत, दादा. आमचा ठसे कोरायचा धंदा. चांदीचे पैंजण ज्या ठशांवर पाडतात ना, त्ये ठसे. माझा बा कोरायचा, मी कोरायचो. मग मशीनचे ठसे आले, हातकामाला कोण पुसंना. हितं आलो फिटर हुयाला. शाळा चौथी, दाखला न्हाई. म्हणून पॅकिंग."

"किती वर्षं झाली?"

"चार." आणि मग कानशीकडं बघत तो म्हणाला, "चार वर्सांनी धरली आज हातात."

त्यानंतर मी चार दिवस त्याच्यासारखी कानस सोडून बघितली. पाचवा ठोकळा भंगारात गेला. सहाव्यालाही मांजर नाही तरी उंदीर गेला असता. मग मात्र माझा धीर सुटला आणि मी जे करू नये ते केलं. पॅकिंगच्या शेडमागं कृष्णातला गाठलं आणि म्हटलं, "मला ठोकळा करून दे."

तो दोन पावलं मागं सरला. "नगं दादा. भलतंच काय? मिस्त्री वळखतील."

"मिस्त्रींना फिटरांचे हात ठाऊक आहेत. तुझा कुठं ठाऊक आहे? हे बघ, मी खुर्चीत बसलो की पहिली सही तुला फिटर केल्याची. शब्द देतो."

त्यानं आपल्या तळहातांकडं बघितलं. मग म्हणाला, "फिटरचं ऱ्हाऊ द्या. कानस कंची देणार? नवी द्याल?"

देवाशपथ सांगतो, त्याला कानशीचाच मोह पडला होता. मी त्याला स्टोअरमधून तीन नव्याकोऱ्या कानशी काढून दिल्या, बारीक दातांच्या. पॅकिंगच्या शेडमध्ये रचलेल्या खोक्यांच्या मागं एक मोडका व्हाइस होता, तो आम्ही दोघांनी जोडला. रोज जेवणाच्या सुट्टीत तो आत काम करायचा आणि मी बाहेर खोक्यावर बसून डबा खायचो. कुणी आलं की मोठ्यानं खोकायचं, असं ठरलं होतं. मालकाचा नातू पॅकिंगमध्ये बसून भाकरी खातोय म्हणून कारखाना कौतुक करत होता! मी आपला खाली मान घालून भाकरी गिळत होतो.

पाडवा आला. फाटकावर गुढी, यंत्रांना हार, शेडमध्ये सगळा कारखाना गोळा. तात्यांची खुर्ची ऑफिसातून आणून आप्पांच्या शेजारी ठेवली होती, झेंडूची माळ घालून. आप्पा पांढऱ्या पटक्यात, काठीवर दोन्ही हात टेकून बसलेले.

"दाव," ते म्हणाले.

मी रुमालातला ठोकळा दस्तगीर मिस्त्रींच्या हातात दिला. त्यांनी तो पट्टीवर ठेवला आणि बोट काढून घेतलं. ठोकळा पडला नाही. तो आपल्या वजनानं हळूहळू उतरत गेला, खाली वारा कोंडल्यासारखा, आणि अलगद मिस्त्रींच्या तळहातावर आला. मिस्त्रींनी माझ्याकडं बघितलं. मग फिरवून परत ठेवला. परत तसाच. चोवीस तऱ्हा त्यांनी केल्या, प्रत्येक वेळी पट्टी खिडकीकडं धरली.

"उजेड न्हाई," मिस्त्री म्हणाले. "आप्पा, तीस वर्सं झाली मला ह्या पट्टीजवळ. असा ठोकळा मी बघितला न्हाई. माझ्या हातनं बी झाला न्हाई. ह्या हाताला माझा सलाम हाय."

टाळ्यांचा कडकडाट झाला. कुणीतरी माझ्या पाठीवर थाप मारली. आप्पांनी खुर्चीकडं काठी दाखवली. "बस, भालचंद्र."

मी दोन पावलं गेलो. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. आणि माझं लक्ष सहज गर्दीच्या टोकाला गेलं. तिथं खोक्यावर चढून कृष्णात उभा होता. तो टाळ्या वाजवत नव्हता. दोन्ही हातांनी टोपी छातीशी धरली होती, आणि तोंडभर हसत होता, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. तीस वर्षं मुरलेल्या मिस्त्रीनं भर शेडमध्ये त्याच्या हाताला सलाम केला होता, आणि ते कुणालाच सांगता येत नव्हतं. त्याला त्याचं काही वाटतही नव्हतं! नुसतं ऐकायला मिळालं म्हणून माणूस रडत होता.

मी खुर्चीवरचा हात काढून घेतला. वाटलं, ह्या खुर्चीत आता बसलो तर जन्मभर दुसऱ्याच्या सलामावर बसून राहू.

"आप्पा," मी म्हटलं, "हा ठोकळा माझा नाही."

आप्पांनी डोळे बारीक केले. "कुणाचा?"

"नाव सांगतो. पण आधी शब्द द्या, त्याला कामावरून काढणार नाही म्हणून. दोष माझा आहे. मी त्याला भरीला घातलं."

"लबाडी करून वर शब्द मागतोस?" आप्पांनी काठी आपटली. "तू कोण रं अट घालणारा?"

"माझा हाय, आप्पा." कृष्णात खोक्यावरनं खाली उतरला होता. लोक बाजूला झाले आणि तो पुढं आला. चेहरा पांढराफटक. "मीच केलाय. दादास्नी बोलू नगा."

"तू कोण?"

"कृष्णात, आप्पा. पॅकिंगवाला."

"हात दाव."

त्यानं दोन्ही तळहात पुढं केले. आप्पांनी काठी मांडीवर आडवी ठेवली आणि त्याचे हात आपल्या हातात घेऊन उलटसुलट करून बघितले. बराच वेळ बघत होते. मग मिस्त्रींकडं वळले. "दस्तगीर, चार वर्सं ह्यो माणूस आपल्या खोक्यांना खिळं मारतोय. आणि आपण हातकाम करणारी माणसं ऱ्हायली न्हाईत म्हणून रडतोय!"

"चुकी माझी हाय, आप्पा," मिस्त्री म्हणाले. "मला कळाय पायजे हुतं."

"तुझी कशाला? दाखला न्हाई तर फिटर न्हाई, ह्यो नियम माझाच. मला तरी कुणी दिला हुता रं दाखला?" आप्पांनी काठी उचलली. "आजपास्नं ह्यो टूलरूममध्ये. तुझ्या शेजारचा व्हाइस ह्येला दे."

कृष्णात आप्पांच्या पायाशी वाकला. दोघांनी त्याला उठवला.

"आता ह्येचं काय?" आप्पांनी माझ्याकडं काठी केली. मग कृष्णातला म्हणाले, "ठोकळा तुझा, मग निकाल बी तूच दे. ह्येला खुर्ची द्यायची का न्हाई? खरं सांग. कुणाला भ्यायचं कारण न्हाई."

आता कबूल करतो, त्या क्षणी माझ्या मनात आशेचा अंकुर फुटलाच. मी त्याच्यासाठी बोललो होतो, आता तो माझ्यासाठी बोलेल. माणूस आहे शेवटी. मी त्याच्याकडं जरा हसूनही बघितलं.

कृष्णातनं टोपी घातली, परत काढली. माझ्याकडं बघितलं. मग आप्पांकडं.

"न्हाई, आप्पा," तो म्हणाला.

कुणीतरी मागं 'आरारारा' म्हणालं.

"दादा माणूस चांगला हाय. आत्ता सगळ्यांदेखत बोललं, दुसरा बोलला नसता. पर द्यायची न्हाई. त्यास्नी कानस येत न्हाई. आज बसलं तर शेडमधला कोण काय करतोय त्ये त्यास्नी कवाच कळायचं न्हाई. आनि मला म्हणालं, खुर्चीत बसलो की तुला फिटर करतो. त्ये बी बरं न्हाई केलं. बसायच्या आधीच खुर्ची वापरली त्यांनी."

माझे कान तापून लाल झाले. एवढ्या लोकांसमोर, आमच्याच शेडमध्ये, आमच्याच माणसानं! आणि सगळ्यांत वाईट म्हणजे त्यातला एक शब्दही खोटा नव्हता.

आप्पांनी मान हलवली. "खुर्ची झाका," ते म्हणाले.

घरी जाताना मोटारीत आम्ही दोघंच मागं बसलो होतो. मी खिडकीबाहेर बघत होतो. आप्पा एकदम म्हणाले, "ठोकळ्याचा नियम कशाला केलाय, ठाऊक हाय?"

"काम यावं म्हणून."

"खुळा का काय? काम करायला पगारी माणसं हाईत की. ज्येला काम येतंय त्येच्यापुढं तुमची मान खाली जावी म्हणून केलाय. तुझ्या बापानं सहा आठवड्यांत ठोकळा केला आणि त्येची छाती फुगली. कवाच कुणापुढं खाली बघितलं न्हाई त्येनं. चुकी माझीच." मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "तुझी आज गेली खाली. बरं झालं."

मला मुळीच बरं वाटत नव्हतं. बाहेरून मॅनेजर आले, सज्जन गृहस्थ होते, त्यांना वेगळं टेबल दिलं. तात्यांची खुर्ची ऑफिसच्या कोपऱ्यात चादरीखाली राहिली; तुझा ठोकळा झाला की बघू, एवढंच आप्पा म्हणाले. घरात आई माझ्याशी आठ दिवस बोलली नाही.

नवव्या दिवशी सकाळी मी टूलरूममध्ये गेलो. कृष्णात माझीच वाट बघत असल्यासारखा उभा.

"दादा, रागावलाय न्हवं माझ्यावर?"

"रागावलोय की."

"मग ऱ्हाऊ द्या राग, पर कानशीवर काढू नगा. रागानं लोखंड तिरकं जातंय. या, हितं उभं ऱ्हावा. डावा पाय पुढं."

त्यानं मला शिकवलं. माझ्या पाठीला काठी लावून खांदे सरळ केले, माझ्या कोपराला धरून कानस कशी सोडायची ते हातानं हाताला दाखवलं. ठोकळ्यामागून ठोकळे भंगारात गेले. एकदा मी म्हटलं, "हा चालेल की रे, कोण बघतंय एवढं?" तर त्यानं काही न बोलता तो घमेल्यात टाकला. दस्तगीर मिस्त्री लांबून बघून मिशीत हसायचे. कधी ते कळलं नाही, पण त्या दिवसांत मला शेडमधल्या प्रत्येकाच्या कामाचा आवाज ओळखू यायला लागला. डोळे मिटले तरी सांगायचो, कोण चुकतंय, कोण दमलंय, कोणाचं आज घरी भांडण झालंय.

आज मी शहात्तर वर्षांचा आहे. पस्तीस वर्षं हा कारखाना चालवला, दोन शेडच्या पाच केल्या, परदेशात पंप धाडले. ह्या पस्तीस वर्षांत 'हो साहेब' म्हणणारी माणसं इतकी भेटली की त्यांची तोंडं आठवत नाहीत. सभेत लोक माझ्या हुशारीवर भाषणं ठोकतात आणि मी खाली मान घालून ऐकतो. माझी काही फार मोठी हुशारी नव्हती. कुठलाही मोठा निर्णय असला की मी आधी टूलरूमपर्यंत एक फेरी मारायचो. कृष्णात काम थांबवायचा नाही, नुसता ऐकायचा आणि 'व्हय' नाहीतर 'न्हाई' म्हणायचा. दोनदा मी त्याचं 'न्हाई' ऐकलं नाही, आणि दोन्हीदा हात पोळून घेतले. तो माणूस मला मिळाला, आणि भर पाडव्याला, सगळ्यांसमोर मिळाला, ह्याबद्दल मी रोज देवापुढं हात जोडतो.

त्या सत्तर सालीच दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, हत्यारांची पूजा झाल्यावर कृष्णातनं माझा ठोकळा घेतला. तो माझा सोळावा. चोवीस तऱ्हांनी त्यानं तो पट्टीतून काढला, एकेकदा खिडकीकडं धरून डोळा बारीक केला. शेवटी ठोकळा माझ्या हातात ठेवून म्हणाला, "बरा हाय."

बस, एवढंच. मिस्त्रींनी मला मिठी मारली.

आप्पा ऑफिसात आले, त्यांनी स्वतःच्या हातानं खुर्चीवरची चादर काढली. दारात सगळी गर्दी. "बस, भालचंद्र. आता तुझी."

मी खुर्चीजवळ जाऊन उभा राहिलो आणि तसाच उभा राहिलो. लोकांना वाटलं, वडिलांच्या आठवणीनं गहिवरलोय. आईनं पदर डोळ्यांना लावला. मी मात्र दाराकडं बघत होतो. कृष्णात गर्दीत मागं होता. हात पूजेच्या हळदीनं पिवळे, नखांत काळं तेल.

"कृष्णात," मी म्हटलं, "बसू का?"

सगळे हसायला लागले. कृष्णात हसला नाही. त्यानं माझ्याकडं नीट, वरपासून खालपर्यंत बघितलं.

"बसा की, दादा," तो म्हणाला. "आता बसा."

मग मी बसलो.